माझ्या नावाची बाटली

३ फेब्रुवारी १९८६, सोमवार
बोरीवलीच्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस छान गेला. खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात. पंचावन्नाव्या वर्षी नोकरी मिळाली ती निव्वळ अक्षरामुळे! कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर बोटांवर पट्टी मारून अक्षर वळवून घ्यायच्या. आज त्यांची फार आठवण आली. बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्या आणि वहीत नोंदी ठेवायच्या, एवढंच काम. वसुधाबाईंची ही जागा नोव्हेंबरपासून रिकामी होती. त्यांचं पेन अजून खणात आहे.

इथली रीत गमतीची. नव्या माणसाने दंडाच्या त्वचेचा तांदळाएवढा तुकडा द्यायचा. त्यातून बाटलीत पेशी वाढवतात, मग त्यांना उष्णता नाहीतर विषाणू सोसायला लावून काय होतं ते बघतात. बाटल्या सांभाळणारी सुगंधा म्हणाली, "मावशी, आता सुट्टी घेतलीत तरी अर्ध्या इथेच!"

२० फेब्रुवारी, गुरुवार
माझ्या पेशी रुजल्या! सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. लांबट, एकमेकींना बिलगलेल्या, सकाळच्या प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींसारख्या. सुगंधा सोमवारी आणि गुरुवारी त्यांना गुलाबी पाणी 'जेवायला' घालते. शेजारी माकडाच्या पेशींची बाटली असते. इथले प्रमुख डॉक्टर धुरू सांगत होते, बेचाळीस अंशांवर पेशी बाकीची सगळी कामं टाकते आणि फक्त स्वतःला सावरणारी प्रथिनं बनवते. मला तिचं कौतुक वाटलं. हे गेले तेव्हा मीही तेच केलं होतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
अकरा वाजता एकाएकी अंगाची आग झाली. पाऊण तासाने आपोआप उतरली. दुपारी वहीत नोंद करताना पाहिलं: माझी बाटली, बेचाळीस अंश, अकरा ते पावणेबारा. योगायोगच असणार.

५ मार्च, बुधवार
सुगंधा सोमवारी आली नाही. तेव्हापासून भूक. काल अख्खा पाव आणि सहा केळी खाल्ली, तरी पोट रिकामं. आज तिने माझ्या बाटलीत गुलाबी पाणी घातलं आणि मला ढेकर आली. सकाळपासून मी काहीच खाल्लं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार
जुनी वही काढली. वसुधाबाईंची बाटली: १२ नोव्हेंबरला विषाणू, १५ला सर्व पेशी मृत. सुगंधाला विचारलं. वसुधाबाई पंधरा नोव्हेंबरलाच वारल्या. ताप. तीनच दिवस. उद्या माझ्या बाटलीत विषाणू घालायचा आहे. डॉक्टरांच्या विनवण्या केल्या. ते हसले. म्हणाले, मावशी, कॉन्व्हेंटात शिकलात ना तुम्ही? मग असल्या गोष्टी कशा मानता?

७ मार्च, शुक्रवार, सकाळी आठ
कोणी आलेलं नाही. चिठ्ठ्या बदलल्या. माझी माकडाच्या बाटलीवर, माकडाची माझ्या. माझ्या अक्षरावर इथे कोणी शंका घेत नाही. देवा, क्षमा कर.

दुपारी बारा
डॉक्टर स्वतः टेबलापाशी आले. म्हणाले, मावशी, काल तुमचा चेहरा बघवेना, तुमच्या बाटलीला हात लावला नाही, आता तरी हसा! त्याऐवजी माकडाची घेतली — दहा वाजता — दुप्पट मात्रा —

साडेबारा
हाडं दुखतात — अक्षर वाकडं — सिस्टरनी पट्टी मारली असती — सुगंधा विचारते, मावशी, एवढा घाम का — तिला सांगायला हवं — ती माकडाची बाटली म्हणजे —