तुझा पलंग

चोलुतेका, होंडुरास

यादिरा पोरी,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. स्पेनहून दर रविवारी तू विचारतेस, नेल्सी पाळण्यात मावते ना, आणि मी हो म्हणते. तुझ्या लेकीचे पाय कधीचेच बाहेर येतात.

तू येशील म्हणून तुझा पलंग अडीच वर्षं अंथरून ठेवला होता. आज तिला त्यावर निजवलं. दृष्ट लागू नये म्हणून तू पाळण्याला बांधलेली लाल फीत पलंगाला बांधायची होती. तुझी गाठ सुटेना. शेवटी कात्रीने कापली.

पोरगी भिंतीला चिकटून झोपली. म्हणाली, “इकडे कोण झोपणार?”

“तुझी आई.”

तिने माझा हात ओढला. “मग झोप ना. उभी का राहिलीस?”

तुझी आई,
ओनोरिना