भोकराच्या कळ्या

माय,

तुह्यं भोकर मी कापू देत नाही. रायपूर छत्तीसगडची राजधानी झालं तसं आपल्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात ज्यानं त्यानं मागचं अंगण सिमेंटानं बुजवलं, आता माह्या पोराले बी बुजवाचं आहे. "अम्मा, गाड़ी कहाँ रखूँ?" म्हणते. म्या म्हटलं, "रोडावर ठेव. पाखरू हागलं तर धुता येते." दोन दिवस बाहेर जेवला. जेवू दे. जेठात फळं पिकली का त्या झाडावर बुलबुल येते, कोकिळा येते, हिरवे कबुतरं येते, खारी दिवसभर भांडते. पावसात भिंतीच्या बुडाशी पाखरायनं टाकलेल्या बियांची रोपं निघते. पोरगा त्याले कचरा म्हणते. एवढी बुकं शिकून!

तू असती तर पाखराले एक फळ सोडलं नसतं. आपण वऱ्हाडातले, भोकर म्हणजे लोणचं. इथले लोक फळापर्यंत थांबतच नाही. फागुनात कळ्यांचे झुबके आले का तेच तोडते, दही घालून बोहार भाजी करते. मी शाळेत होती तवा शेजारची काकी भिंतीवरून म्हणते, "थोरकिन टोरन दे ना, दीदी," थोड्या कळ्या तोडू दे म्हणून. अन तू म्हणते, "कळ्या तू खाशीन, मंग फळं काय तुह्या घरून आणू?" एका सकाळी तू पाहते तर खालच्या फांद्या साफ. तू तिले भर गल्लीत चोट्टी म्हटलं. काकी माह्याकडं पाहते अन आत जाते. मरेपर्यंत तू तिच्या दारात गेली नाही.

त्या कळ्या म्या तोडल्या होत्या. "मायनं दिल्या" म्हणून तिले नेऊन दिल्या, अन तिच्या चुलीपाशी बसून दोन वाट्या भाजी खाल्ली. तुह्या लोणच्याहून चांगली होती, आता सांगते. तवा काहून नाही सांगितलं? पाठ फोडली असती, शाळा सोडवली असती. शाळा तर तू सातवीत सोडवलीच.

तू गेल्यापासून दर फागुनात पहिले झुबके भिंतीवरून काकीलेच देते. ती आता पार वाकली, ओट्यावर बसून कळ्या निवडते, त्या दिवसाचं नावही काढत नाही. जोवर ती आहे, मी आहे, तोवर झाडाले कुऱ्हाड लागणार नाही. खालच्या फांद्या तिच्या, वरच्या पाखराच्या. तुह्या बरणीले काही नाही.

हे पत्र कुठं टाकाचं नाही. पोराशी भांडली, तुह्याशी बी भांडून राहिली. पण गल्लीत उभी राहून "चोट्टी काकी नव्हती, मी होती" म्हणायले अजून माह्यं तोंड उघडलं नाही.