जुन्या जॅकेटवर तांब्याची किटली

नोव्हाय, मिशिगन
१९ ऑगस्ट २००५

चि. चारुदत्तराव यांस, बार्शीपासून फार लांब येऊन पडलेल्या तुमच्या दाजींचे आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? (आणि त्याच्या नावावर दुकान अकराला उघडत नाही ना?) आम्ही दोघं ठणठणीत. आपलं भांड्यांचं दुकान विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणी चालू आहेत असं तुम्ही दर रविवारी फोनवर सांगता, मी नुसतं हं हं करतो, कारण इथली घरं लाकडी. भिंतीला कान नसतात, अख्खी भिंतच कान असते. त्याच भिंतीतून मी ऐकलं, सुशांत सूनबाईला सांगत होता, "एकदा बाबांचं दुकान विकलं गेलं ना, की ते इथेच रमतील." पोरगा गुणी आहे. रमवायला दर शनिवारी कुठेतरी नेतो.

गेल्या शनिवारी चार तास ड्राइव्ह करून त्याने आम्हाला एक किल्ला दाखवला. किल्ला म्हणजे ओंडके उभे रोवून केलेलं कुंपण, आत फरच्या व्यापाराचं जुनं ठाणं. तेही मूळचं नव्हे, हुबेहूब नव्याने बांधलेलं. (आपण जुनं पडू देतो, हे पडलेलं पुन्हा जुनं करून बांधतात.) फळीवर तांब्याच्या किटल्या, घोंगड्या, मणी, आणि मागे कमरेला लाल पट्टा बांधलेला व्यापारी, पगारी. सुशांत समजावत होता, इथले मूळचे लोक बीव्हर नावाच्या पाण्यातल्या जनावराची कातडी आणायचे, गोरे त्यावर भांडी द्यायचे. त्यातही अंगावर वापरून जुनी झालेली कातडी जास्त चालायची.

तुमच्या ताईने एवढंच ऐकलं. "म्हणजे बोहारीणच की!" म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन गेली. मला वाटलं, पाण्याची बाटली आणायला. आली ती सुशांतचं चामड्याचं जॅकेट घेऊन (त्याच्या इथल्या पहिल्या पगाराचं, कोपरं गेलेलं, सूनबाई केव्हाची टाकायला बघतेय). ते फळीवर टाकलं आणि किटलीकडे बोट दाखवलं.

"आई, प्लीज! हे म्युझियम आहे!"

"मग भांडी मांडून कशाला बसलाय तो?"

व्यापारी इरसाल निघाला. त्याने बाही ताणून पाहिली, नाक मुरडलं आणि तळहाताएवढा आरसा पुढे केला. चामड्यावर आरसा! मी मधे पडलो. किटलीवर टिचकी मारली, तर आवाज ओळखीचा. उलटी केली, बुडाला मुरादाबादची चिकटपट्टी. आमचाच माल, आणि आम्हालाच भाव? मी त्याला ती पट्टी दाखवली. तो हसला, आरशावर मणी ठेवले. मी मान हलवली, त्याने चाकू ठेवला. सौदा अगदी जमत आला होता, तेवढ्यात नावाची पट्टी लावलेल्या बाई धावत आल्या. इथलं काहीही विकायचं नसतं म्हणे. जॅकेट घडी घालून परत.

सुशांत सॉरी सॉरी करत होता. नात इशिता म्हणाली, "डॅड, वॉज आजोबा अ रिअल ट्रेडर?" आता सुशांत एरवी मित्रांना सांगतो, बाबा मेटल बिझनेसमध्ये आहेत. मी कान टवकारले. पठ्ठ्याने सगळं सांगितलं. माझी आई डोक्यावर भांड्यांचं टोपलं घेऊन दारोदार फिरायची, मागून जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन मी. इंग्रजीत सांगितलं, पण समजलं. व्यापाऱ्याने टोपी काढली. (फरची होती. बहुधा खोटी.)

परतताना मात्र मला तो व्यापारीच दिसत होता. धंदा कधीच गेला, आणि हा पट्टा बांधून फळीमागे बसलाय, विकायला काही नाही. दुकान गेलं की नोव्हायच्या सोफ्यावर मी याहून वेगळा काय दिसणार?

घरी सर्वांना यथायोग्य सांगा.

तुमचे दाजी,
गुरुनाथ

ता.क. गिऱ्हाइकाला साफ नाही म्हणा. सुशांतला मी योग्य वेळी सांगेन, म्हणजे विमानतळावर.

ता.क. २. तुमच्या ताईने हे पाठीमागून वाचलं. म्हणते, इथे आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिने स्वयंपाकघरातून तुम्हाला फोन करून त्या गिऱ्हाइकाला वाटेला लावलं होतं, आणि दाजींना कळवायचं नाही असंही बजावलं होतं. घर लाकडी, कान माझे, तरी पत्ता नाही! मग दर रविवारी बोलणी कुणाशी चालू होती, चारुदत्तराव? गुडघ्याची काळजी घ्या. मी आलो की तुम्हाला पळावं लागणार आहे.