भिंतीपलीकडचं मशीन

३ जून

मशीनच्या काचेवर आज इंग्रजीत वाक्य उमटलं — मोटरचं आयुष्य संपलं आहे. एखाद्या कारकुनाने दारावर नोटीस डकवावी तसं! ह्यांनी चष्माही न लावता बटण दाबून ते घालवलं. "चालतंय की!"

झोपेत श्वास अडकतो म्हणून सात वर्षांपूर्वी डॉक्टरांनी ह्यांच्या नाकावर मास्क चढवला. मशीन रात्रभर हवा ढकलतं, म्हणून हा माणूस सकाळी उठतो. आणि म्हणे, चालतंय!

४ जून

मशीनवाल्याला फोन केला. "काकू, पाच वर्षं धरून चालायची. सात म्हणजे बोनस." आणि बंद पडलं तर? "पडेल तेव्हा पडेल. काही अजून दोन वर्षं ओढतात." याला उत्तर म्हणतात? आमच्या शाळेतल्या नन्सनी असल्या उत्तराला तासभर बाकावर उभं केलं असतं.

मुलाला फोन. "आई, बाबांनाच ठरवू दे ना." बाबांना! ज्यांना कुठले पायमोजे घालायचे तेही ठरवता येत नाही!

९ जून

मार्चपासून मी पलीकडच्या खोलीत झोपते. मास्कच्या फटीतून सुटलेली हवा माझ्या कानात शिरायची. मीच वैतागून अंथरूण हलवलं. आता भिंतीतून मशीनची घरघर ऐकू येते. ती सुरू झाली की माझा जीव भांड्यात पडतो. पण हल्ली घरघरीत शीळ मिसळली आहे. ती थांबली तर मला कळेल का? की मी आपली झोपलेलीच असेन, आणि सकाळी चहाचा कप घेऊन त्या खोलीत जाईन —

नाही लिहवत.

१२ जून

सिग्नलला गाडीतच ह्यांचा डोळा लागला. दिवा हिरवा झाला, मागचे हॉर्नवर हॉर्न, हे ढिम्म! दंड धरून गदागदा हलवलं. "विचार करत होतो." विचार! तोंड उघडं टाकून?

घरी आल्या आल्या गाडीची किल्ली काढून घेतली. भांडले नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

१३ जून

दिवसभर पेंगतात. वर्तमानपत्र हातातून गळतं. मशीन हवा पुरवत नाही, दुसरं काय! आता ह्यांना विचारणं बंद.

१५ जून, सकाळ

हे केस कापायला गेले तेवढ्यात मशीन पिशवीत घातलं आणि दुकान गाठलं. मशीनवाल्याने नळी जोडली, काटा बघितला. "हवा बरोबर येतेय, काकू. म्हातारं झालंय, पण कामाचं आहे." मग बटणं दाबत राहिला. दाबता दाबता काचेवर वाकला.

"काका मास्क लावतात ना?"

"म्हणजे? शोभेला ठेवलंय का ते?"

त्याने काच माझ्याकडे वळवली. मशीन चालू — रोज आठ तास. मास्कमधून श्वास घेतल्याचे तास — शून्य. काल शून्य. परवा शून्य. तो मागे मागे जात राहिला. थेट मार्चपर्यंत शून्य.

मी तिथल्या स्टुलावर बसले. त्याने पाणी दिलं.

१५ जून, दुपार

तीन महिने मी रिकाम्या नळीची घरघर ऐकून निवांत झोपले! यातल्या कुठल्याही रात्री...

जेवताना ह्यांनी दोनदा मीठ मागितलं. दोन्ही वेळा दिलं नाही.

१६ जून

विचारलं. ओरडूनच विचारलं. मास्क लावायचा नाही, तर मशीन चालू कशाला ठेवता?

"तुला झोप लागावी म्हणून."

आणि मास्क?

चष्मा काढून पुसायला लागले. "तो लावला की मला गाढ झोप लागते गं. शेजारी होतीस तोवर ठीक होतं, तुझ्या चुळबुळीनं जाग यायची, हलवता यायचं. झोपेत तुझाही श्वास अडकतो. घोरता घोरता एकदम थांबतेस. सांगितलं असतं तर झोपणंच सोडलं असतंस. म्हणून रात्री तुझ्या दारात उभा राहून श्वास परत येईपर्यंत आकडे मोजतो. परवा चाळिसापर्यंत गेलो."