चांगली की घाबरट?

प्रिय ताई,

आई गेल्यावर तू म्हणाली होतीस, "तू चांगली कुठली गं? घाबरट आहेस. आई डोळे वटारायची म्हणून सरळ वागायचीस. आता बघू." तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून होते. तुझंच खरं असेल, तर आईबरोबर माझा चांगुलपणाही गेला.

आज दुकानात एका आजोबांचा चष्मा तयार झाला. एक काच बसवताना माझ्या हातून जराशी फिरून तिरकी बसली होती. मालक हळूच म्हणाले, "कुणाला कळतंय? होईल सवय." खरंच कळलं नसतं. डोकं दुखलं असतं, तर आजोबांनी वयाला दोष दिला असता. मी चष्मा तसाच आजोबांच्या हातात ठेवला.

आजोबा चष्मा लावून दारापर्यंत गेले आणि पायरी उतरताना त्यांचा पाय अधांतरीच थांबला. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. "आजोबा, चूक माझी आहे. बसा, नीट करून देते."

"अगं, मला वाटलं मीच संपलो!" ते हसत सुटले.

काच पुन्हा बसवताना मी मनात आईचे डोळे शोधले. ते नव्हते. आजोबांचा अडलेला पाय तेवढा होता. किती हलकं वाटलं, ताई! कदाचित आईही डोळे वटारून एवढंच सांगत असेल, की समोरच्याकडे बघ.

हे पत्र टाकणार नाही. तुला हरवायचं नव्हतंच, मला माझी खात्री हवी होती.

पाल सोडून कुणालाही न भिणारी,
तुझी धाकटी