कुणाचं चुकलं?

तीर्थरूप आईस,
तुला आणि अण्णांना वाकून नमस्कार.

माणसाचं वाईट करून माफी देवीकडं मागितली, तर ती मिळते का? मला सांगता येत नाही.

माहूरला मी बरी आहे. शाळेतल्या नोकरीत रुळले, घरमालकीण रोज गरम भाकर देते. तुझा गुडघा कसा आहे?

फोनवर जीभ वळली नसती, म्हणून लिहिते. दर मंगळवारी गडावर जाऊन मी तुझंच मागणं म्हणते, "आई रेणुके, चुकलं-माकलं पदरात घे." गेले तीन मंगळवार ते म्हटलं की कानाशी बाईचा आवाज येतो, "कुणाचं गं?" वळून पाहिलं तर मागं कुणी नसतं. आवाज आपल्या घरातल्या नागाबाई काकूचा असतो.

गेल्या नवरात्राआधी काकू आणि मी विहिरीवर देव घासत होतो. काकू चिंच आणायला घरी गेली, तेवढ्यात रेणुकेचा चांदीचा टाक माझ्या हातून पाण्यात पडला. अण्णांनी विचारलं, तेव्हा मी "मला माहीत नाही" म्हणाले. "शिकलेली पोरगी खोटं बोलत न्हाई," असं म्हणून त्यांनी चोरीचा आळ काकूवर घेतला. ती घर सोडून हदगावला भावाकडं गेली.

काल मी हदगावला गेले. काकू ओसरीवर तूर निवडत होती. मी म्हणाले, "काकू, चुकलं."

तिनं मान वर न करता विचारलं, "कुणाचं गं?" गडावरचाच आवाज.

"माझं," म्हणाले, आणि तिच्यापाशी बसून सगळं सांगितलं.

हे पत्र अण्णांना मोठ्यानं वाचून दाखव.

तुझ्या पायांशी,
सत्यशीला