खंडेनवमीचा फोटो

कोक्विटलाम, २३ मार्च २०२५

ती. दादास,
माधवीचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे खुशाल आहोत. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत नाही, कारण ऊर्मीचा आयपॅड माझ्याच अकाउंटवर आहे आणि मी तुला पाठवलेला शब्द न् शब्द तिच्या मांडीवर उमटतो. पोस्टाने आलेलं काहीही मात्र या मुलांना जाहिरात वाटतं. म्हणून लिफाफा.

तर तुझ्या भाचीला कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, हॅलिफॅक्सच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला, तुझा परीक्षित आहे तिथेच. मी केशर घालून शिरा केला. तिने दोन वाट्या खाल्ल्या आणि मग शांतपणे सांगितलं की ती जाणार नाही. इथल्या कम्युनिटी कॉलेजात बसने जाणार, दोन वर्षं करणार, पुढे वाटलं तर विद्यापीठात ट्रान्सफर घेणार. हीच मुलगी गेल्या उन्हाळ्यात खोलीत हॅलिफॅक्सचा नकाशा लावून बसली होती. ऑक्टोबरात तो नकाशा उतरला. कारण विचारलं तर, आई, इट्स नॉट अ बिग डील.

आणखी एक. दर रविवारी सकाळी ती फोन घेऊन बेसमेंटमध्ये जाते, दार लावून घेते. मी जिन्यात टॉवेल घडी करत उभी राहिले होते. दादा, ती मराठीत बोलत होती. मला ‘ओके’च्या पलीकडे उत्तर न देणारी मुलगी मराठीत हसत होती.

विश्वनाथ म्हणतो, जाऊ दे. तो विंटर टायर्सबद्दलही डिसेंबरपर्यंत हेच म्हणतो. १ मेपर्यंत होकार कळवला नाही तर हॅलिफॅक्सची जागा जाईल. तूच काहीतरी तर्क लढव.

वहिनीला नमस्कार. रागावण्यापुरता तरी लोभ ठेव.

तुझी माधवी


॥ श्री ॥

मार्कहॅम, १ एप्रिल २०२५

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जिन्यात उभं राहून टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या बाईला परमेश्वर संशय कमी पडू देत नाही, हे पाहून समाधान वाटलं.

शाळेत शास्त्रीबुवांनी आम्हाला अनुमान शिकवलं ते असं, की डोंगरावर धूर दिसला की तिथे विस्तव आहे असं धरावं. तुझ्या बेसमेंटमधून धूर येतो आहे. मुलगी मराठी बोलते, म्हणजे पलीकडचा मराठी. हॅलिफॅक्स नको म्हणते, म्हणजे तो तुमच्याच बाजूचा. तुमच्या गणेशोत्सवात ढोल बडवणारी मंडळी एकदा नजरेखालून घाल.

कॉलेजचं म्हणशील तर मी स्पष्टच लिहितो. सदरेवर बोलावणं आलेलं असताना ओसरीवर दोन वर्षं बसून राहायचं, याला मी निर्णय म्हणत नाही. इथे मार्कहॅमला कोणी भेटलं की नावाआधी मुलांचं विद्यापीठ विचारतं. ऊर्मीचं काय सांगू?

आमच्या चिरंजीवांकडे बघ. तिसरं वर्ष आहे, एकटा राहतो, पण खंडेनवमी चुकवली नाही. तो फोटो मी तुलाही पाठवला होता. पुस्तकं, झेंडू, पाटीवर सरस्वती, आणि हौस म्हणून हातोडी, कातडी हातमोजे, हॉकीचा काळा मुखवटासुद्धा पूजेत मांडलेला, त्यावर हळदकुंकू. मी ‘छान’ असं लिहून तो फोटो एक्केचाळीस जणांना पुढे पाठवला.

ऊर्मीबद्दल त्यालाही फोन केला. आत्येबहिणीला समजाव म्हटलं, तर म्हणाला की कॉलेज चांगलंच असतं. फार उत्साहाने म्हणाला. हा तिला सामील आहे, असा मला दाट संशय आहे.

विश्वनाथरावांना नमस्कार, ऊर्मीला आशीर्वाद. टॉवेल कोरडे आहेत ना, तेही पाहत जा.

तुझा दादा


कोक्विटलाम, १० एप्रिल २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. रागावू नकोस.

रविवारी मी जिन्यात न थांबता सरळ खाली गेले. ऊर्मीच्या फोनवर नाव होतं परीक्षितदादा. ढोलवाला नाही, दुसरा कोणी नाही. मी म्हटलं, भावाशी बोलायला दार कशाला लावायचं? प्रॉमिस केलं आहे, एवढंच ती म्हणाली, आणि दादा, ती रडली. कॉलेजला जायचं म्हणून मी तिला महिनाभर किती टोचलं असेल, तेव्हा रडली नव्हती. गणितात की समाजशास्त्रात रस आहे हे तिलाच अजून माहीत नाही, ते चुकत माकत शोधायला तिला जवळचं कॉलेज हवं आहे. एवढं तिचं स्वतःचं कारण. पण ते सुचायला कोणाचं तरी उदाहरण डोळ्यांसमोर होतं, असं मला वाटतं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी तुझा तो फोटो काढून मोठा केला. विश्वनाथने नुसता बघितला आणि म्हणाला, हा हॉकीचा मुखवटा नाही, वेल्डिंगचा आहे.

मुखवट्याच्या कडेला स्टिकर आहे. झेंडूच्या पाकळीखाली अर्धा झाकला गेला आहे, पण ‘कम्युनिटी कॉलेज’ एवढं वाचता येतं.

परीक्षितला फोनवर विचारू नकोस. फोनवर तू शास्त्रीबुवा होतोस.

माझ्या या आगाऊपणासकट मला आपली म्हण.

माधवी


॥ श्री ॥

मार्कहॅम, २२ एप्रिल २०२५

चि. सौ. माधवीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. गुड फ्रायडेची सुट्टी होती, पहिलं विमान धरून हॅलिफॅक्सला गेलो. तुझ्या प्रभावहिनीला सांगितलं, ऑफिसचं काम आहे. सुट्टीच्या दिवशी कसलं काम, हे तिने विचारलं नाही.

परीक्षितने दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि चहा ठेवला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी तो विद्यापीठातून बाहेर पडला. तीन विषय राहिले होते. सप्टेंबरपासून बंदराजवळच्या कॉलेजात वेल्डिंग शिकतो. जूनमध्ये संपेल, जहाजदुरुस्तीच्या ठिकाणी शिकाऊ म्हणून जागाही बोलून ठेवली आहे. मी वाटेत विमानात चार परिच्छेदांचं भाषण तयार केलं होतं. त्यातलं पहिलंच वाक्य, तू हे लपवलंस, असं होतं.

त्यावर तो म्हणाला, “बाबा, मी लपवलं नाही. माझी हत्यारं पुजून तुम्हाला फोटो पाठवला होता. तुम्ही छान म्हणालात.”

पुढचे तीन परिच्छेद माझ्याजवळच राहिले.

त्याला वाटलं होतं की फोटो बघून मी विचारीन, मग सांगता येईल. मी विचारलं नाही. दिवस गेले तसं सांगणं अवघड होत गेलं. हे सगळं त्याने फक्त ऊर्मीला सांगितलं, आणि पोरीने घरात मूर्ख ठरणं पत्करलं पण त्याचा शब्द मोडला नाही. ओसरीबद्दल मी जे लिहिलं होतं ते तिला वाचून दाखवलं नसशील अशी आशा आहे. दाखवलं असेल, तर मामाने मागे घेतलं म्हणून सांग.

संध्याकाळी आम्ही फेरीबोटीतून बंदरापलीकडे गेलो. त्याने लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडलेला एक तुकडा खिशातून काढून माझ्या हातात दिला. मी जोडावरून बोट फिरवलं. चांगला आहे की वाईट, मला कळलं नाही. तसं सांगितलं. मग तो समजावू लागला, फेरी धक्क्याला लागली तरी समजावत होता. इतकं तो माझ्याशी दोन वर्षांत बोलला नव्हता.

१ मेच्या आत मिळावं म्हणून हे पत्र एक्सप्रेसपोस्टने पाठवतो आहे. ऊर्मीला तिच्या कॉलेजात जाऊ दे. रविवारी बेसमेंटचं दार उघडं ठेवलं तरी चालेल म्हणावं.

आशीर्वाद आहेतच, ते कधीही विद्यापीठ बघून दिले नव्हते असं आता म्हणायचं धाडस करतो.

तुझा दादा

ता. क. घरी आल्यावर प्रभाला सगळं सांगितलं. तिने हो का म्हणत कपाळाला हात लावला, पण तव्यावरची पोळी वेळेवर उलटली. डिसेंबरात तिने परीक्षितला पोलादी टोकाचे बूट पाठवले होते. मी कारण विचारलं, तेव्हा हॅलिफॅक्सला बर्फ फार असतं म्हणाली होती. त्याची फीसुद्धा तीच भरते, आणि पावतीवर कॉलेजचं नाव असतंच. म्हणजे घरात कळायचं राहिलं होतं ते मला एकट्यालाच. तसं का, ते मी तिला विचारलेलं नाही. उत्तर मला माहीत आहे, असा संशय आहे.